इंदुरातल्या एका वाचनालयाचं यंत्र सिसव्हीवरून सिस्टमडीवर नेताना

डेबियन (लिनक्सचं एक वितरण) ७ वर चालणारं यंत्र डेबियन १२ वर न्यायचं म्हटलं की बहुतेकांना पॅकेजांची आणि डेटाबेसची काळजी वाटते. खरा वेळ जातो तो दुसरीकडेच. यंत्र चालू झाल्यावर कोणती सेवा कधी उठणार, कुणासाठी थांबणार आणि पडली तर तिला कोण उचलणार, हे सगळं नव्याने लिहून काढावं लागतं. डेबियन ७ मध्ये हे काम सिसव्ही-इनिट करत असे, १२ मध्ये सिस्टमडी करतं. या बदलावरून मुक्त सॉफ्टवेअरच्या जगात जेवढं भांडण झालं तेवढं क्वचितच दुसऱ्या कशावरून झालं असेल. रामबागेकडच्या एका मराठी वाचनालयाच्या यंत्रावर आम्ही हा बदल केला. दोन्ही बाजूंचे मुद्दे नेमके कुठे खरे ठरतात हे त्यात एकेका ओळीवर दिसलं, म्हणून हे सविस्तर.

यंत्र साधं आहे: ४ जीबी रॅम, ५०० जीबीची जुनी फिरती डिस्क, ६०० व्हीएचा यूपीएस. त्यावर पर्लमध्ये लिहिलेला पुस्तकांचा कॅटलॉग, त्यामागे मायएसक्यूएल, यूपीएसवर नजर ठेवणारं नट आणि यूएसबी डिस्कवर जाणारा रोजचा बॅकअप. ७ वरून थेट १२ वर उडी मारता येत नाही. डेबियनमध्ये ८, ९, १०, ११ अशी एकेक आवृत्ती ओलांडावी लागते, आणि ७ चा दीर्घकालीन आधारही २०१८ सालीच संपला. म्हणून आरएनटी मार्गावरून २४० जीबीची एसएसडी आणून तिच्यावर १२ कोरी बसवली. जुनी डिस्क हात न लावता बाजूला काढून ठेवली. काही बिनसलं तर केबल बदलून दुसऱ्या मिनिटाला जुनी व्यवस्था चालू करता येते, हा या पद्धतीचा मोठा आधार.

जुन्या डिस्कवरून आधी यादी काढायची. आरसी२.डी फोल्डरातल्या एस अक्षराने सुरू होणाऱ्या दुव्यांची (चालू होताना उठणाऱ्या सेवा यातच असतात), आरसी.लोकल फाइलची, क्रॉनटॅबची (ठरल्या वेळी चालणाऱ्या कामांची यादी) आणि विशेषतः इनिटटॅबची, म्हणजे सिसव्हीच्या मुख्य फाइलची. इनिटटॅबमध्ये रीस्पॉन (पडलं की परत उठव) लिहिलेल्या ओळी असतील तर त्या नक्की टिपाव्यात, कारण सिस्टमडी ही फाइल वाचतच नाही आणि तसं सांगतही नाही. जुन्या पद्धतीत सेवांच्या परस्परावलंबनाचं भानच नव्हतं, असं सिस्टमडीच्या बाजूने बरेचदा म्हटलं जातं. ते पूर्ण खरं नाही. डेबियन ६ पासून इनसर्व्ह हे साधन स्क्रिप्टच्या माथ्यावरच्या एलएसबी टिपणांवरून, म्हणजे आधी कोणती सेवा हवी हे सांगणाऱ्या ठरावीक ओळींवरून, क्रम ठरवत असे. उणीव वेगळी होती: क्रम ठरला, तरी आधीची सेवा खरोखर कामाला तयार झाली की नाही हे कळायला मार्ग नव्हता.

कॅटलॉगच्या जुन्या स्क्रिप्टमध्ये हे अगदी स्पष्ट दिसत होतं. फाइल दीडशे ओळींच्या आसपास, खरं काम तीन ओळींचं, आणि मध्येच एक ओळ: स्लीप २०. मायएसक्यूएल उठायला वेळ लागतो, म्हणून वीस सेकंद थांबा. एरवी ते पुरतं. पण लाईट अचानक गेलेली असली की डेटाबेस चालू होताना आधी अर्धवट राहिलेले व्यवहार तपासून दुरुस्त करतो, आणि फिरत्या डिस्कवर त्याला मिनिटाच्या वर लागू शकतं. वीस सेकंदांनी कॅटलॉग उठतो, डेटाबेस सापडत नाही, आणि तो मरतो. त्याला परत उठवणारं कुणी नसतं.

दुसरी अडचण पीआयडीच्या फाइलची. सेवा चालू होताना तिचा प्रक्रिया क्रमांक एका फाइलमध्ये लिहून ठेवायचा, बंद करताना तो वाचून त्या क्रमांकाला मारायचं, ही सिसव्हीच्या स्क्रिप्टांची रीत. इथे ती फाइल कॅटलॉगच्याच फोल्डरात, म्हणजे डिस्कवर होती. लाईट गेली की ती पुसायची राहते. यंत्र परत उठतं. फाइलमध्ये समजा १४३२ आहे. स्क्रिप्ट बघते की १४३२ क्रमांकाची प्रक्रिया जिवंत आहे का. ती असते, पण आता ती क्रॉनची किंवा आणखी कशाची असते. ‘आधीच चालू आहे’ म्हणून स्क्रिप्ट गुपचूप बाहेर पडते. ग्रंथपालबाईंची तक्रार हीच असायची: ‘दादा, लाईट आली, मशीनही चालू आहे, पण कॅटलॉग काही उघडत नाही.’ पावसाळ्यात तर ती वारंवार यायची.

सिस्टमडीची मूळ मांडणी नेमकी या दोन जागांवर बोट ठेवते. सिस्टमडीचे एक मूळ लेखक लेनार्ट पोटरिंग यांनी ती ३० एप्रिल २०१० रोजी मांडली. त्याआधी ॲपलचं लाँचडी आणि सोलारिस १० चं एसएमएफ २००५ साली आलं होतं, उबुंटूचं अपस्टार्ट २००६ साली, तेव्हा विचार आकाशातून पडला नव्हता. लिनक्स वितरणांपैकी फेडोरा १५ ने मे २०११ मध्ये सिस्टमडी घेतलं, रेड हॅटने २०१४ साली. डेबियनमध्ये मात्र प्रकरण तांत्रिक समितीपुढे गेलं, मतं समसमान पडली, आणि फेब्रुवारी २०१४ मध्ये अध्यक्ष बडेल गार्बी यांच्या निर्णायक मताने सिस्टमडी ठरलं. ज्यांना ते पटलं नाही त्यांनी देवुआन नावाची वेगळी वाट धरली, तिची १.० आवृत्ती मे २०१७ मध्ये आली.

देवुआन हा आमच्यापुढेही खरा पर्याय होता, आणि त्याला कमी लेखू नये. त्यावर जुनी स्क्रिप्ट जवळजवळ जशीच्या तशी चालली असती. पडलेल्या सेवेला उठवायचंच असेल तर रनिट हे छोटं साधन ते काम चार-पाच ओळींच्या फाइलमध्ये करतं. सिस्टमडी निवडलं ते एका कारणाने: वाचनालयाला पूर्णवेळ माणूस नाही. उद्या यंत्र बघायला जो मुलगा येईल त्याला डेबियन किंवा उबुंटू येत असेल, म्हणजे सिस्टमडी येत असेल. जिथे स्वतःचा जाणकार कायम हाताशी आहे तिथे उत्तर वेगळं असू शकतं.

आता युनिट फाइल, म्हणजे एखादी सेवा कशी चालवायची हे सिस्टमडीला सांगणारी फाइल. ती एटसीखालच्या सिस्टमडी/सिस्टम या फोल्डरात ठेवायची. लिबखालच्या फायली पॅकेजच्या मालकीच्या, त्यांना हात लावायचा नाही. जुनी स्क्रिप्ट इनिट.डी फोल्डरात नुसती टाकली तरी १२ मध्ये ती चालते, कारण एक जनरेटर तिच्या एलएसबी टिपणांवरून युनिट तयार करतो. त्यावर विसंबू नये. सिस्टमडीच्या २५४ व्या आवृत्तीत, म्हणजे २०२३ साली, हा आधार पुढे काढून टाकणार असं जाहीर झालेलं आहे.

पहिला निर्णय टाइपचा, म्हणजे सेवा चालू झाली हे कशावरून ओळखायचं याचा, आणि सर्वाधिक गोंधळ इथेच होतो. जुने डीमन (पार्श्वभूमीत चालणारे प्रोग्रॅम) स्वतःची प्रत काढून मूळ प्रक्रिया संपवतात आणि पार्श्वभूमीत जातात. अशा प्रोग्रॅमला टाइप=सिंपल दिलं तर सिस्टमडीला मुख्य प्रक्रिया संपलेली दिसते. सेवा आटोपली असं धरून ते गटातल्या उरलेल्या प्रक्रियाही मारून टाकतं. लॉगमध्ये चूक काही नसते, सेवा मात्र चालू होताच नाहीशी होते. टाइप=फोर्किंग देऊन पीआयडीची फाइल दाखवता येते, पण मग जुनं दुखणं परत घरात येतं. सगळ्यात स्वच्छ उपाय म्हणजे प्रोग्रॅमला पार्श्वभूमीत जाऊच न देणं. कॅटलॉगमध्ये त्यासाठी एक पर्याय होता, तो लावला आणि टाइप=सिंपल ठेवलं.

त्यानंतर स्क्रिप्टमधल्या शेलच्या ओळी एकेक करून निर्देशांत बदलायच्या. ‘एसयू’ने वापरकर्ता बदलण्याच्या जागी यूझर=, ‘सीडी’च्या जागी वर्किंगडिरेक्टरी=, ‘यूलिमिट’च्या जागी लिमिटनोफाइल=, ‘यूमास्क’च्या जागी यूमास्क=. एक्झेकस्टार्टची ओळ दिसते शेलसारखी, पण ती शेल वाचत नाही. लॉगसाठी ओळीच्या शेवटी दोन ‘मोठा’ चिन्हं आणि फाइलचं नाव लिहिलं तर ती चिन्हं आणि ते नाव प्रोग्रॅमला युक्तिवाद म्हणून जातात. पाइपचंही तसंच. टक्क्याचं चिन्ह हवं असेल तर दोनदा लिहावं लागतं, कारण एकट्या टक्क्याला सिस्टमडीत स्वतःचा अर्थ आहे. तारखेचं नाव असलेल्या फायली तयार करणाऱ्या ओळी इथे हमखास अडतात.

१२ मध्ये मायएसक्यूएलच्या जागी मारियाडीबी येतं. ‘स्लीप २०’च्या जागी दोन ओळी आल्या: आफ्टर=मारियाडीबी.सर्व्हिस आणि रिक्वायर्स=मारियाडीबी.सर्व्हिस. या दोन्ही लागतात, कारण आफ्टर फक्त क्रम सांगतं आणि रिक्वायर्स फक्त गरज. नुसतं रिक्वायर्स दिलं तर दोन्ही सेवा एकदमच सुटतात. मारियाडीबीचं युनिट टाइप=नोटिफाय प्रकारचं आहे, म्हणजे डेटाबेस जोडण्या घ्यायला तयार झाला की स्वतःहून कळवतो. त्यामुळे दुरुस्तीला पाच सेकंद लागोत की दोन मिनिटं, कॅटलॉग तोवर थांबतो. एक परिणाम लक्षात ठेवायचा: रिक्वायर्समुळे कुणी डेटाबेस मुद्दाम बंद केला तर कॅटलॉगही बंद होतो. इथे तेच हवं होतं. जिथे नको असेल तिथे वाँट्स हा सौम्य निर्देश लिहावा.

जुनी स्क्रिप्ट जे गृहीत धरून चालत होती, ते इथे लिहून द्यावं लागतं, आणि वादातला बराचसा राग या जागेवरचा आहे असं आमचं मत झालं. वर्षानुवर्षं चाललेली गोष्ट नव्या व्यवस्थेत मोडते तेव्हा दोष व्यवस्थेचा वाटतो. निम्म्या वेळा मोडलेलं असतं ते कुठेही न लिहिलेलं गृहीतक. पण निम्म्याच वेळा. उरलेल्या निम्म्यांचं उदाहरण पुढे येतं.

पडलेली सेवा परत उठवायला रीस्टार्ट=ऑन-फेल्युअर. एवढंच लिहून थांबलं तर फसगत होते. दोन प्रयत्नांमधलं मूळ अंतर अवघं १०० मिलिसेकंदांचं आणि मूळ मर्यादा १० सेकंदांत ५ प्रयत्नांची. म्हणजे सेवा लागोपाठ पडत असेल तर एका सेकंदाच्या आतबाहेर पाचही प्रयत्न संपतात, आणि नंतर सिस्टमडी तिच्याकडे बघतही नाही. रीस्टार्टसेक=५ केलं की १० सेकंदांत पाच प्रयत्न होतच नाहीत, आणि मग ती कायम उठत राहते. आम्ही अंतर ५ सेकंद, मर्यादा ३०० सेकंदांत १० प्रयत्न अशी ठेवली. मर्यादेच्या ओळी युनिट विभागात लिहायच्या, सर्व्हिस विभागात नाही. मर्यादा संपून बंद पडलेली सेवा तो काळ सरण्याआधी हाताने चालू करायची तर आधी सिस्टमसीटीएल रीसेट-फेल्ड द्यावं लागतं.

फाइल बदलली की प्रत्येक वेळी सिस्टमसीटीएल डीमन-रीलोड. लिहिताना शंका असेल तर सिस्टमडी-ॲनलाइझ व्हेरिफाय चुकीचे निर्देश दाखवतं. नुसत्या वाचनाने ते सापडत नाहीत, कारण ओळखता न आलेला निर्देश सिस्टमडी इशारा देऊन सोडून देतं आणि सेवा चालवतं.

आता ते उदाहरण. बॅकअपची यूएसबी डिस्क एफएसटॅबमध्ये, म्हणजे चालू होताना जोडायच्या डिस्कांच्या यादीत, नोंदवलेली होती. जुन्या व्यवस्थेत डिस्क लावलेली नसली तर चालू होताना एक त्रुटी दिसे आणि यंत्र पुढे जाई. सिस्टमडीत तसं होत नाही. पडद्यावर त्या डिस्कच्या नावाने ‘स्टार्ट जॉब चालू आहे’ अशी ओळ येते, बाजूला १ मिनिट ३० सेकंदांकडे जाणारा आकडा, आणि तो भरला की यंत्र इमर्जन्सी मोडमध्ये थांबतं. १२ बसवताना रूटचा (मुख्य प्रशासक खात्याचा) पासवर्ड रिकामा सोडलेला असेल तर तिथेही शिरता येत नाही. रूट खातं कुलूपबंद असल्याचा संदेश येतो. ग्रंथपालबाईंनी डिस्क घरी नेली आणि सकाळी कुणी यंत्र लावलं, एवढ्यावर वाचनालय अडू शकतं. ही वागणूक कडक आहे, मुद्दाम तशी ठेवलेली आहे, आणि डेबियन ८ च्या सूचनांत तिचा इशाराही होता. पण चालत्या यंत्राचा नियम असा बदलणं हा विरोधकांचा आक्षेप इथे शंभर टक्के रास्त आहे.

उपाय एफएसटॅबच्या त्याच ओळीत: नोफेल, आणि सोबत एक्स-सिस्टमडी.डिव्हाइस-टाइमआउट=१०एस. मात्र नोफेल लावलं की दुसरा धोका तयार होतो. डिस्क नसताना तिच्या जागेचं रिकामं फोल्डर एसएसडीवर असतंच. बॅकअप त्यात लिहीत राहतो आणि एसएसडी भरते. म्हणून बॅकअपच्या युनिटमध्ये रिक्वायर्समाउंट्सफॉर= लिहून त्यापुढे डिस्कच्या फोल्डराचा पत्ता द्यायचा. डिस्क नसेल तर बॅकअप चालत नाही, आणि ‘डिपेंडन्सी फेल्ड’ अशी नोंद सिस्टमडीच्या लॉगमध्ये येते.

बॅकअप क्रॉनमधून काढून सिस्टमडीच्या टायमरवर नेला. वाचनालय बंद झालं की यंत्रही बंद होतं, तेव्हा रात्री दोनची क्रॉनची वेळ निरर्थक होती. ऑनकॅलेंडर= मध्ये संध्याकाळचे साडेसात दिले आणि पर्सिस्टंट=ट्रू लावलं, म्हणजे त्या वेळी यंत्र बंद असेल तर पुढच्या वेळी चालू होताच राहिलेला बॅकअप होतो.

आता जर्नलविषयी, म्हणजे सिस्टमडीच्या लॉगविषयी. लॉग बायनरी फाइलमध्ये असतात, साध्या मजकुरात नसतात, हा जुना आक्षेप आहे, आणि तो नुसता सवयीचा प्रश्न नाही. जर्नल डिस्कवर पक्कं उतरवण्याची मूळ मुदत पाच मिनिटांची असते. फक्त अतिगंभीर संदेश तत्काळ उतरतात. लाईट अचानक गेली तर नेमकी शेवटची, म्हणजे सगळ्यात हवी असलेली मिनिटं हरवू शकतात. अर्धवट राहिलेली फाइल जर्नल पुढल्या वेळी नावाच्या शेवटी तरंगरेषा लावून बाजूला सारतं आणि नवी उघडतं. आम्ही सिंकइंटरव्हलसेक ३० सेकंदांवर आणलं, सिस्टममॅक्सयूज ५०० एमबीवर बांधलं, आणि आरसिसलॉग वेगळं बसवलं, कारण १२ मध्ये ते आपोआप येत नाही. साध्या मजकुराचा लॉग हाताशी असणं दुसऱ्या यंत्रावर डिस्क लावून बघायची वेळ आली की फार उपयोगी पडतं. जमेची बाजूही तितकीच सांगायला हवी: जर्नलसीटीएलमध्ये -यू कॅटलॉग -बी -१ दिलं की मागच्या चालू-बंदच्या काळातला एकट्या कॅटलॉगचा लॉग समोर येतो. जुन्या व्यवस्थेत हे ग्रेपने शोधून जुळवत बसावं लागे.

यूपीएसची गणितं वेगळी करावी लागली. बॅटरी जुनी असली की ६०० व्हीएचा यूपीएस पाच-सात मिनिटंच धरतो, आणि नट शेवटच्या टप्प्यात यंत्र बंद करायला सांगतं. त्या क्षणी एखादी सेवा अडून बसली तर सिस्टमडी तिच्यासाठी ९० सेकंद थांबतं, तेवढ्यात बॅटरी संपू शकते. सिस्टम.कॉन्फमध्ये डीफॉल्टटाइमआउटस्टॉपसेक=२०एस केलं. मारियाडीबीच्या युनिटमध्ये तिची स्वतःची मोठी मुदत लिहिलेली असते, तिला याने धक्का लागत नाही, लावूही नये.

परीक्षा घेतल्याशिवाय यातलं काहीही खरं धरू नये. क्रम असा ठेवला: कॅटलॉगच्या मुख्य प्रक्रियेला किल -९ देऊन जबरदस्तीने मारणं, मारियाडीबी बंद आणि परत चालू, यूएसबी डिस्क काढून यंत्र चालू, यूपीएसचा भिंतीतला प्लग काढून वाट बघणं, आणि शेवटी, बॅकअप तपासून घेतल्यावर, यंत्राचीच तार खेचणं. दुसऱ्या परीक्षेत एक गोष्ट नेहमी चकवते. बंद केलेला डेटाबेस हाताने परत चालू केला, तरी त्याच्यासोबत थांबलेला कॅटलॉग आपोआप उठत नाही, कारण रिक्वायर्स एकाच दिशेने चालतं. सिस्टमसीटीएल रीस्टार्ट मारियाडीबी असं एका आज्ञेत केलं तर दोन्ही परत येतात. ही नोंद यंत्रावर चिकटवलेल्या कागदावर सगळ्यात वर आहे.

एक मोठा प्रश्न या सगळ्यापलीकडचा. सिस्टमडी एकाच भांडारात फार कामं गोळा करतं, आणि इतर प्रोग्रॅम नकळत त्याच्या ग्रंथालयांना, म्हणजे तयार कोडच्या संचांना, बांधले जातात, हा आक्षेप मार्च २०२४ मध्ये पुन्हा सगळ्यांसमोर आला. एक्सझेड या फायली दाबण्याच्या साधनाच्या ५.६.० आणि ५.६.१ या आवृत्त्यांत लपवलेलं मागचं दार अँड्रेस फ्रॉइंड यांनी शोधलं. दुरून यंत्रात शिरायचं ओपनएसएसएच मुळात एक्सझेडला हातही लावत नाही. पण काही वितरणांनी, डेबियनही त्यात आलं, सिस्टमडीला ‘तयार आहे’ कळवण्यासाठी त्यात लिबसिस्टमडी जोडलं होतं आणि लिबसिस्टमडीसोबत एक्सझेड आलं. डेबियनची स्थिर आवृत्ती बाधित नव्हती. पुढे ओपनएसएसएचने ते कळवणं स्वतःच्या थोड्या ओळींत केलं आणि सिस्टमडीच्या पुढच्या आवृत्तीतही अशी ग्रंथालयं गरज पडली तरच उघडायची रीत आली, तिचं काम मात्र आधीच सुरू झालं होतं. टीकाकारांनी वर्षानुवर्षं लावून धरलं नसतं तर हे बदल इतक्या तातडीने झाले नसते असं आम्हाला वाटतं.

वाचनालयाचं यंत्र पुढे १३ वर न्यायचं आहे आणि तिथे अशीच एक जागा आताच दिसते. १३ मध्ये टीएमपी हे तात्पुरत्या फायलींचं फोल्डर मुळातच मेमरीत असतं, रॅमच्या निम्म्यापर्यंत. बॅकअपची स्क्रिप्ट डेटाबेसचा उतारा आधी टीएमपीत काढते आणि मग दाबून डिस्कवर नेते; ४ जीबीच्या यंत्रावर तो उतारा थेट मारियाडीबीच्या वाट्याची मेमरी खाईल. टीएमपी.माउंट हे युनिट मास्क (पूर्ण बंद) करून जुनी वागणूक परत आणता येते. त्यापेक्षा स्क्रिप्टमधला पत्ता व्हार/टीएमपी करणं बरं, आणि ते १२ वर असतानाच केलं आहे. नव्याने बसवलेल्या १३ मध्ये व्हार/टीएमपीमधल्या ३० दिवस न वापरलेल्या फायली साफ होतात, तेव्हा उतारा तिथे साठवून ठेवायचा नाही, फक्त काढायचा आणि हलवायचा.